ज्यू डे स्कूल : एकाच दिवसात दोन शाळा बसवणारा अभ्यासक्रम समन्वयक नेमकं काय करतो?

सकाळी प्रार्थना. मग तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, तेही मूळ हिब्रूतून. त्यानंतर गणित. जेवणाच्या सुट्टीनंतर विज्ञान, इंग्रजी, अमेरिकेचा इतिहास आणि शेवटी पुन्हा हिब्रू भाषेचा तास. अमेरिकेतल्या अनेक ज्यू डे स्कूलमधल्या मुलांचा दिवस साधारण असा जातो. दिवस तेवढाच, विषय मात्र जवळजवळ दुप्पट. हे सगळं एका वेळापत्रकात बसवण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, तो अभ्यासक्रम समन्वयक. पद मुख्याध्यापकांच्या खालचं आहे, पण मूल बारा वर्षांत काय शिकून बाहेर पडेल, हे बऱ्याच अंशी याच टेबलावर ठरतं.

डे स्कूल म्हणजे काय?

अमेरिकेत सरकारी शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पोहोचलेल्या बहुतेक ज्यू कुटुंबांनी मुलांना सरकारी शाळेतच घातलं. धर्म आणि हिब्रू शिकवायला संध्याकाळचे किंवा रविवारचे वर्ग असायचे. पण दिवसभराच्या शाळेनंतर दमलेलं मूल तिथे फारसं शिकत नाही, ही तक्रार कायम होती.

त्यावरचा पर्याय म्हणजे दिवसभराची शाळा, जिथे दोन्ही शिक्षणं एकाच छताखाली मिळतात. कायद्याचा रस्ता १९२५ मध्ये मोकळा झाला. सगळ्या मुलांनी सरकारी शाळेतच गेलं पाहिजे, असा कायदा ओरेगन राज्यात झाला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. खटला लढला होता एका कॅथलिक संस्थेने आणि एका खासगी लष्करी शाळेने, पण फायदा सगळ्यांनाच झाला. १९३७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रामाझ आणि बोस्टनमध्ये मायमोनिडीस या शाळा सुरू झाल्या. १९४४ मध्ये तोरा उमेसोरा ही संघटना उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत अशा शाळा देशभर पसरल्या.

अवी चाय फाउंडेशनच्या गणनेनुसार २०१८-१९ मध्ये अमेरिकेत अशा ९०६ शाळा होत्या आणि त्यांत सुमारे २ लाख ९२ हजार विद्यार्थी होते. त्यांपैकी निम्म्याहून बरेच जास्त विद्यार्थी हसीदिक आणि इतर कडव्या धार्मिक गटांच्या शाळांमधले होते. उरलेल्यांमध्ये मॉडर्न ऑर्थोडॉक्स, कॉन्झर्वेटिव्ह, रिफॉर्म आणि सर्व पंथांना सामावून घेणाऱ्या शाळा येतात.

समन्वयक करतो काय?

पहिलं काम क्रम लावण्याचं. तोरा कोणत्या इयत्तेत सुरू करायची? मुलाने मूळ हिब्रू ओळ आधी वाचायची की आधी इंग्रजीत गोष्ट ऐकायची? अकराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या राशी या भाष्यकाराचं भाष्य कधी हातात द्यायचं? मिश्ना कधी, गेमारा कधी? परंपरेत यासाठी ढोबळ वयं सांगितली आहेत : पाचव्या वर्षी धर्मग्रंथ, दहाव्या वर्षी मिश्ना, पंधराव्या वर्षी तालमूद. प्रत्यक्षात घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलाची हिब्रू किती तयार आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

दुसरं काम शिक्षकांचं. या शाळांत बहुतेकदा शिक्षकांचे दोन गट असतात : धार्मिक विषयांचे आणि सामान्य विषयांचे. दोघांचं प्रशिक्षण वेगळं असतं, कधी कधी मातृभाषाही वेगळी असते. समन्वयक वर्गात मागे बसून तास पाहतो, नंतर शिक्षकाशी बोलतो, नव्या शिक्षकाला पाठाची आखणी करायला मदत करतो. एकाच आठवड्यात तीन विषयांच्या चाचण्या एका वर्गावर पडू नयेत, हेही त्यालाच बघावं लागतं.

तिसरं काम कॅलेंडरचं. हिब्रू पंचांग आपल्या पंचांगासारखंच चांद्र-सौर आहे. आपल्याकडे अधिक मास येतो, तसा त्यांच्याकडे १९ वर्षांत ७ वेळा जादा महिना येतो. त्यामुळे सण दरवर्षी इंग्रजी तारखेने पुढेमागे सरकतात. रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोत हे सगळे सण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकामागोमाग येतात. शाळा सुरू होते न होते, तोच सुट्ट्या लागतात. शिवाय शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ सुरू होतो. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात शुक्रवारची शाळा लवकर सोडावी लागते. बुडालेले तास भरून काढायची जागा शोधणं हे त्याचं दरवर्षीचं काम.

या पदापर्यंत कसं पोहोचतात?

बहुतेक समन्वयक आधी वर्गशिक्षक असतात. काही वर्षं हिब्रू किंवा तनाख शिकवल्यावर विभागप्रमुख आणि मग समन्वयक. पदव्युत्तर शिक्षणासाठी न्यूयॉर्कमधली ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरी आणि येशिवा युनिव्हर्सिटी या जुन्या संस्था आहेत. अनेक जण काही काळ जेरुसलेमला राहून ग्रंथांचा अभ्यास करतात. इथून पुढची पायरी मुख्याध्यापकाची. पण वर्गाची ओढ असलेले बरेच जण समन्वयकपदावर असतानाही एखादा तास स्वतःकडे ठेवतात.

कोणती मूल्यं शिकवायची?

दोन्ही शिक्षणं एकत्र असावीत, हा विचार जुना आहे. जर्मनीतले रब्बी सॅमसन राफाएल हिर्श यांनी १८५३ मध्ये फ्रँकफर्टला अशी शाळा काढली. धर्मग्रंथ आणि जगाचं ज्ञान एकमेकांना पूरक आहेत, अशी त्यांची भूमिका होती. हा विचार मानणाऱ्या शाळेत समन्वयक दोन विषयांचे धागे जोडतो : हिब्रू पंचांग शिकताना चंद्राच्या कला विज्ञानाच्या तासाला, दानधर्माचे नियम शिकताना टक्केवारी गणिताच्या तासाला.

शिकवण्याच्या पद्धतीतही मूल्य असतं. 'खव्रुता' म्हणजे दोघांनी जोडीने बसून एकच मजकूर मोठ्याने वाचायचा आणि त्यावर वाद घालायचा. तालमूदमध्ये हरलेल्या बाजूचं मतही नोंदवून ठेवलेलं असतं. हिलेल आणि शम्माई यांच्या अनुयायांचे मतभेद मुलं शिकतात, ते कोण बरोबर एवढं पाठ करण्यासाठी नाही, तर समोरच्याचं म्हणणं नीट मांडता यावं म्हणून.

खरा पेच : काय काढायचं?

वेळ वाढवता येत नाही, म्हणून प्रत्येक नव्या विषयासाठी काहीतरी कमी करावं लागतं. कोडिंग आणायचं तर हिब्रूचा तास द्यायचा का? मुलींना गेमारा शिकवायची का? रामाझ आणि मायमोनिडीसमध्ये मुली ती शिकत आल्या आहेत, तर अनेक कडव्या गटांच्या शाळांत शिकवत नाहीत.

दुसऱ्या टोकाचा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये गाजला. काही हसीदिक मुलांच्या शाळांत इंग्रजी आणि गणित फारच कमी शिकवलं जातं, अशी तक्रार तिथल्याच माजी विद्यार्थ्यांनी केली. खासगी शाळेतलं शिक्षण सरकारी शाळेच्या तोडीचं असावं, ही अट राज्याच्या कायद्यात शंभर वर्षांहून जुनी आहे. ती तपासायची कशी, याचे नियम सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर झाले. विरोध करणाऱ्या पालकांचं म्हणणं, हा धर्मस्वातंत्र्यात हस्तक्षेप आहे. तक्रारदारांचं म्हणणं, नोकरीचा अर्ज भरता येत नसेल तर मुलाचं स्वातंत्र्य कुठे राहिलं?

त्यात पैशाचा प्रश्न. मोठ्या शहरांत अनेक शाळांची वार्षिक फी २० हजार डॉलरच्या पुढे आहे. तीन-चार मुलं असलेल्या घराला ती झेपत नाही. फी-सवलत देण्यासाठी शाळा देणग्यांवर अवलंबून राहतात आणि एखादा जादा शिक्षक घ्यायचा की नाही, हेही त्यावरच ठरतं.

मुंबईतली शाळा

हाच प्रयोग महाराष्ट्रातही झाला होता. १८७५ मध्ये हाईम सॅम्युअल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली. केहिमकर हे आडनाव अलिबागजवळच्या किहीम गावावरून आलेलं. मुलांची घरची भाषा मराठी, व्यवहारासाठी इंग्रजी आणि प्रार्थनेसाठी हिब्रू, असा तिथला तिहेरी पेच होता. हीच शाळा पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबं इस्रायलला गेली. शाळा आजही सुरू आहे, पण आता तिथली बहुतेक मुलं ज्यू नाहीत.

समाज विखुरला की शाळेचा अभ्यासक्रमही बदलतो. अमेरिकेतल्या समन्वयकाच्या डोक्यावर हीच काळजी असते : मुलं जगात कुठेही टिकली पाहिजेत, आणि आजोबांची प्रार्थना त्यांना वाचताही आली पाहिजे. दोन्हींसाठी त्याच्याकडे रोजचे तास मोजकेच असतात.