घरात भरलेल्या कॅसेटी

शाळेत आपल्याला इतिहास कागदातनं शिकवला. ताम्रपट, सनदा, बखरी, गॅझेट. ज्यांच्या घरात कागद म्हणजे रेशनकार्ड आणि पगाराची चिठ्ठी, त्यांनी काय करायचं? मित्रांनो, माझं म्हणणं सरळ आहे. घरातली पत्र्याची ट्रंक उघडा. लुगड्यांच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेल्या कॅसेटी निघतील. दुकानातनं आणलेल्या बाजूला ठेवा. ज्यांच्यावर बॉलपेननं नुसतं ‘जयंती’ नाहीतर ‘घरची गाणी’ लिहिलंय, त्या हातात घ्या. मी त्यांच्याबद्दल लिहितोय.

आपल्या देशात गाण्याच्या तबकड्या निघायला लागल्या त्या १९०२ सालापासून. कलकत्त्यात गौहर जान गायल्या. गाणं संपलं की त्या स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायच्या, कारण तबकडी छापायची जर्मनीत आणि तिथल्या कारागिराला ही बाई कोण हे कळायला पाहिजे. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला. तबकडीची एक बाजू म्हणजे तीनेक मिनिटं. आता आंबेडकरी जलसा आठवा. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारखे शाहीर गावोगाव जायचे. कंदिलाच्या उजेडात रात्र रात्र जलसा चालायचा. तमाशाचाच साचा, पण त्यात विषय शाळेचा, पाणवठ्याचा, मेलेली ढोरं ओढायची बंद करण्याचा. तो तीन मिनिटांत कसा मावणार? आणि बसवायचं म्हटलं तरी यंत्राचा मालक कोण, गिऱ्हाईक कोण? पुढं १९७८ साली कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक लिहिलं. बरं झालं लिहिलं. पण पुस्तकात शब्द येतात. झील धरणाऱ्यांचा आवाज, मधीच कुणी मारलेली आरोळी, ढोलकी चढली की उठणारी मंडळी, हे शाईत येत नाही.

म्हणून मला कॅसेट ही मोठी घटना वाटते. आपले लेखक तिला घटना समजत नाहीत, ती गोष्ट वेगळी. फिलिप्स कंपनीनं ती १९६३ साली बाजारात आणली. आपल्याकडं तिचा सुळसुळाट झाला तो १९८० च्या आसपास. आखातात कामाला गेलेली माणसं येताना टू-इन-वन घेऊन यायची. मग देशातच स्वस्त टेप आणि कोऱ्या कॅसेटी मिळायला लागल्या. १९८३ साली टी-सिरीज निघाली आणि तबकडी कंपन्यांची मक्तेदारी मोडली. लहान लहान कंपन्यांनी भीमगीतं काढली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज वारीच्या दिवसांत विठ्ठलाच्या गाण्यातनं आणि एप्रिलमध्ये भीमगीतातनं ऐकू यायचा, त्याच दुकानातल्या त्याच फळीवरनं. कंपनीला दोन्हीचं सारखंच प्रेम!

पण एक बारकी गोष्ट कंपनीच्या लक्षात आली नसावी. त्या टेपला लाल बटण होतं. ऐकायच्या यंत्रातच भरायचीही सोय. तबकडीच्या फोनोला ती नव्हती. पहिल्यांदाच गरिबाच्या घरात आवाज धरून ठेवायचं हत्यार आलं.

आमच्या भवानी पेठेत मात्र आवाज धरायचा तर आधी एक आवाज बंद व्हायला लागायचा. मागाचा. गल्लीत यंत्रमाग, दिवसपाळी आणि रातपाळी, खटक खटक खटक. भिंतीला हात लावला तर भिंत हलायची. स्वस्तातल्या टेपला आतच बारका माईक असतो आणि आवाज आपोआप कमीजास्त करायची सोय असते. गाणारा दम घ्यायला थांबला की ते यंत्र शांततेलाही वर ओढतं. म्हणजे कडव्याच्या मधल्या फटीत माग घुसायचा. त्यामुळं गाण्याचा मुहूर्त ठरवायचं बोर्ड. लाईट गेली की सगळी गल्ली एकदम गप्प. तेवढ्यात टेपमध्ये मोठे सेल घालायचे, दारावर गोधडी टांगायची, ढोलकीवाल्याला उंबऱ्याच्या बाहेर बसवायचं, नाहीतर एका थापेत सगळ्यांचे गळे दबतात. पेटीवर शेजारचे तेलुगू काका. मराठी शब्द त्यांना निम्मे कळायचे, पण सूर पक्का. साठ मिनिटांची कॅसेट, तीस मिनिटांची एक बाजू. लाईट कधी येईल नेम नाही. एका फितीवर गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात माग चालू झालेले स्पष्ट ऐकू येतात आणि माझा बाप म्हणतो, “आली बघ अवदसा.” दुसरीकडं लाईट आली की माणूस आनंदतो.

ही कॅसेट १९९१ ची, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीची. तिच्यावर माझी आत्या गाते. विड्या वळणारी बाई. गाताना सुद्धा हात थांबत नाहीत. पान कापायच्या कात्रीचा आवाज तालात पडतो. आधी विचारते, “चालू हाय काय वो?” मग गाते तो पाळणा. रमाईवर आहे, पण त्यात बीडी कारखान्यातली पानं तपासणारी बाई येते, हजार विड्यांचा हिशेब येतो, छाटून टाकलेल्या विड्या येतात. चाल एका हिंदी सिनेमाच्या गाण्याची. यात कमीपणा काही नाही. वामनदादा कर्डकांनी १९४३ साली पहिलं गाणं रचलं तेही हिंदी सिनेमाच्या चालीवर. चाल लोकांच्या तोंडात असते, शब्द आपले घालायचे. कंपनीनं आत्याच्या गाण्यातलं रमाई ठेवलं असतं आणि विड्यांचा हिशेब काढला असता. रेकॉर्डिंगला बोलावलं असतं तर, हे आलंच.

कुणाचा आवाज उरतो हे बघा. विलास घोगरे यांचं गाणं आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘बॉम्बे अवर सिटी’मध्ये उतरलं, कारण त्या वेळी समोर कॅमेरा होता. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मारली गेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, घोगरेंनी जीव दिला. आवाज राहिला. बाहेरच्यांनी येऊन धरलेला बायकांचा आवाजही आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या काही बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली फितीवर घेतल्या. तिथं राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या शेजारणींनी बाबासाहेबांवर, बुद्धावर ओव्या म्हटल्या. २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, गाणारणीच्या नावानिशी. त्याच माजलगाव तालुक्यातले शाहीर आत्माराम साळवे नामांतरासाठी गात फिरले, १९९१ साली गेले, नामांतराचा १४ जानेवारी १९९४ त्यांना बघायला मिळाला नाही. त्यांची गाणी लोकांनी तोंडपाठ ठेवली.

सगळ्यांच्या नशिबी असं नसतं. आणि घरची फीत सगळ्यांत आधी मरते, ती सुद्धा घरातच. कॅसेटच्या पाठीला दोन बारकी खुंट्या असतात, त्या मोडल्या की वरनं भरता येत नाही. कंपनीच्या कॅसेटला त्या मोडलेल्याच येतात. घरी कोण मोडतंय! मामानं एका लग्नसराईत आजीच्या ओव्यांवर सिनेमाची गाणी भरली. दोन गाण्यांच्या फटीत आजीची अर्धी ओळ अजून येते. बाकीच्यांना बुरशी लागलीय, आतलं फोम गळून पडलंय. कॉपीवरनं कॉपी केली की तिसऱ्या खेपेला नुसती सरसर.

तरी फीत वाचवणं सोपं आहे. आधी बघून घ्या, बुरशी दिसली तर यंत्रात घालूच नका, जाणत्याकडं द्या. खुंट्या मोडा. हातानं पेन्सिल फिरवून फीत सैल आहे का बघा. चालू टेपच्या हेडफोनच्या भोकातनं वायर काढून मोबाईलमध्ये नाहीतर कॉम्प्युटरमध्ये घ्या. नंतर ‘साफ’ करायच्या नादात मागाचा आवाज पुसू नका. भवानी पेठेचा तोच पुरावा आहे.

अवघड काम पुढं आहे. गौहर जान यांनी नाव सांगितलं, कारण ऐकणारा परका होता. आमच्या फितीवर कुणीच नाव सांगत नाही, कारण खोलीतले सगळे सगळ्यांना ओळखत होते. आता ती खोली राहिली नाही. पेटीवाले काका गेले. बाप गेला. आत्याला ऐकू कमी येतं, तिच्या कानाला हेडफोन लावून एकेक आवाज विचारावा लागतो. माझ्या वहीत फितीच्या बाजूप्रमाणे मिनिट, गाणं, चाल, गाणारा, ढोलकी, झील असे रकाने पाडलेत. नऊ आवाजांपैकी सहा ओळखले. पाळण्याला झील धरणारी एक उंच पट्टीची बाई आहे, ती आत्याच्या कारखान्यातली, लग्न होऊन अक्कलकोटकडं गेली म्हणतात. नाव आत्याला आठवलंय. गाव आठवत नाही. येत्या सुट्टीला तिच्या जुन्या शेजारणीकडं जायचंय, मोबाईलमध्ये तेवढं कडवं घेऊन.