औरंगजेबाची धर्मनीती : फर्माने, जिझिया आणि हिंदू मनसबदार

मोगल बादशहा औरंगजेब (१६१८-१७०७) याने १६५८ पासून मृत्यूपर्यंत राज्य केले. आपल्या हिंदू प्रजेला आणि अधिकाऱ्यांना त्याने कसे वागविले, हा भारतीय इतिहासलेखनातील सर्वाधिक वादग्रस्त प्रश्नांपैकी एक आहे. जदुनाथ सरकार यांनी १९१२ ते १९२४ या काळात प्रसिद्ध केलेल्या पाच खंडांच्या चरित्रात या राजवटीचे चित्र धर्मांध म्हणून रेखाटले. पुढे सतीश चंद्र, एम. अतहर अली आदी अभ्यासकांनी राजकीय व आर्थिक कारणांवर भर दिला.

मंदिरे : फेब्रुवारी १६५९ च्या बनारस फर्मानात जुनी मंदिरे पाडू नयेत, नवी बांधू देऊ नयेत आणि तेथील ब्राह्मणांना त्रास देऊ नये, असा आदेश आहे. मात्र त्या वेळी वारसायुद्ध संपलेले नव्हते. दहा वर्षांनी, एप्रिल १६६९ मध्ये मंदिरे व पाठशाळा पाडण्याचा हुकूम निघाल्याची नोंद 'मआसिर-इ-आलमगिरी' या फारसी ग्रंथात आहे. त्याच वर्षी काशीचे विश्वनाथ मंदिर आणि १६७० मध्ये मथुरेचे केशवदेव मंदिर पाडण्यात आले. मथुरा परिसरातील जाटांच्या उठावाकडे बोट दाखवून काही इतिहासकार याला राजकीय शिक्षा मानतात. दरबारी ग्रंथकाराने मात्र ही कृत्ये धर्मकार्य म्हणूनच गौरविली आहेत.

कर : १६६५ मध्ये मालावरील जकात मुसलमान व्यापाऱ्यांसाठी अडीच टक्के, तर हिंदूंसाठी पाच टक्के ठरली, १६६७ मध्ये मुसलमानांना ती पूर्ण माफ झाली. अकबराने १५६४ मध्ये रद्द केलेला जिझिया औरंगजेबाने १६७९ मध्ये पुन्हा बसविला. वार्षिक १२, २४ व ४८ दिरहम असे त्याचे तीन दर होते. स्त्रिया, मुले, निर्धन तसेच बादशाही चाकरीतील हिंदू यांना तो माफ होता. साहजिकच त्याची झळ कारागीर, दुकानदार अशा सामान्यांना अधिक बसली. या कराचा निषेध करणारे एक फारसी पत्र शिवाजी महाराजांच्या नावे प्रसिद्ध आहे. युद्ध व दुष्काळाने पोळलेल्या दख्खनमध्ये १७०४ साली जिझिया स्थगित करावा लागला.

अधिकारी : वारसायुद्धात विरोधात लढलेल्या जसवंतसिंहालाही बादशहाने सेवेत ठेवले. शिवाजी महाराजांवरील १६६५ च्या मोहिमेचे नेतृत्व मिर्झाराजे जयसिंगांकडे होते, तर १६६३ पर्यंत दिवाणी राजा रघुनाथ पाहत होता. १६७१ मध्ये हिंदू पेशकार व दिवाणी कारकून काढून टाकण्याचा हुकूम झाला. पण कारभार अडू लागल्याने तो शिथिल करावा लागला. अतहर अली यांच्या गणनेनुसार, एक हजार जात व त्यावरील मनसबदारांत हिंदूंचे प्रमाण १६५८-७८ मध्ये २१.६ टक्के होते. १६७९-१७०७ मध्ये ते ३१.६ टक्के झाले.

या वाढीचे इंगित दख्खनच्या युद्धात आहे. दुसऱ्या कालखंडातील १८२ हिंदू मनसबदारांपैकी ९६ मराठे होते. फोडून किंवा शरण आणून त्यांना मनसबी देण्यात आल्या. राजपुतांचे प्रमाण उलट किंचित घटले. म्हणजे जिझिया बसविणे आणि हिंदू सरदारांची भरती या दोन्ही गोष्टी एकाच काळात चालू होत्या.

वादातील दोन्ही पक्ष बहुधा यांपैकी एकाच बाजूचा पुरावा पुढे करतात. मनसबदारांची संख्या बादशहाला कोणाची गरज होती हे सांगते; रयतेशी तो कसा वागला हे तिच्यावरून ठरत नाही. त्याचप्रमाणे, काशी-मथुरेच्या घटनांवरून राज्यातील प्रत्येक मंदिर पाडले गेले, असाही निष्कर्ष निघत नाही. सरदाराला मनसब आणि सामान्याला जिझिया, हे अंतर ध्यानात घेतल्याखेरीज या राजवटीचे मूल्यमापन पुरे होत नाही.