संदर्भांचा संप्रदाय : ‘फ्युचरामा’तील सांस्कृतिक उल्लेख आणि धर्मोपहास

१९३९ साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्स या कंपनीच्या दालनासमोर सर्वाधिक गर्दी होत असे. नॉर्मन बेल गेडिस या रचनाकाराने तेथे १९६० सालच्या अमेरिकेची एक प्रचंड प्रतिकृती उभी केली होती. सरकत्या खुर्च्यांत बसून प्रेक्षक रुंद महामार्ग, उत्तुंग इमारती आणि शिस्तबद्ध शेते वरून न्याहाळत जात, आणि बाहेर पडताना त्यांना ‘मी भविष्य पाहिले आहे’ अशा आशयाचा बिल्ला मिळत असे. या दालनाचे नाव ‘फ्युचरामा’ होते. त्या बिल्ल्यावरील वाक्याची घडण जाहिरातीची असली, तरी त्याचा स्वर साक्षात्कार झालेल्या भक्ताचा आहे. साठ वर्षांनी, २८ मार्च १९९९ रोजी, मॅट ग्रेनिंग यांनी निर्मिलेली आणि डेव्हिड एक्स. कोहेन यांच्या साहाय्याने विकसित केलेली विनोदी विज्ञानकथात्मक ॲनिमेशन मालिका फॉक्स वाहिनीवर सुरू झाली, तेव्हा तिने हेच नाव धारण केले. नावाच्या या उसनवारीत मालिकेची सारी पद्धती सूत्ररूपाने सामावलेली आहे. एका काळाने श्रद्धेने उच्चारलेला शब्द दुसऱ्या काळाने उपरोधाने उच्चारायचा, आणि त्या दोन उच्चारांमधील अंतर हाच विनोदाचा विषय करायचा, अशी ही पद्धती आहे.

मालिकेचे कथासूत्र या अंतरावरच उभे आहे. फिलिप फ्राय हा पिझ्झा पोचवणारा तरुण १९९९ च्या अखेरच्या रात्री अपघाताने गोठवला जातो आणि एक हजार वर्षांनी जागा होतो. विसाव्या शतकाची स्मृती त्याच्यापाशी आणि प्रेक्षकापाशी शाबूत आहे. एकतिसाव्या शतकापाशी मात्र त्या स्मृतीचे केवळ भग्नावशेष उरले आहेत. एप्रिल १९९९ मध्ये प्रक्षेपित झालेल्या दुसऱ्याच भागात चंद्रावर एक करमणूक उद्यान दिसते. तेथे चांद्रविजयाचा इतिहास म्हणून देवमाशांची शिकार करणाऱ्यांची गाणी ऐकवली जातात, आणि प्रत्यक्ष अवतरणस्थळाचा कोणालाच पत्ता नसतो. १९५० च्या दशकातील एका लोकप्रिय विनोदी मालिकेतला नवरा बायकोला चंद्रावर धाडण्याची धमकी देत असे. त्याची गणना तेथे आद्य अंतराळवीरांत झालेली आहे. संदर्भ नाहीसा झाला की उक्ती मिथक बनते आणि घरगुती हिंसेची धमकी पराक्रमाची गाथा ठरते, हे येथे हसत हसत सांगितले जाते. धार्मिक परंपरा कशा घडतात या प्रश्नाची बीजे अशा वरवर निरुपद्रवी विनोदातच पेरलेली आढळतात.

या संदर्भबहुलतेकडे कसे पाहावे, हा समीक्षेपुढील खरा प्रश्न आहे. प्रत्येक संहिता इतर संहितांच्या अवतरणांतून विणली जाते, ही ज्युलिया क्रिस्तेवा यांची मांडणी १९६० च्या दशकातील आहे. परंतु उसने घेणे आणि उसन्यावर भाष्य करणे या दोन भिन्न क्रिया होत. उत्तर-आधुनिक संस्कृतीत विडंबनाची धार जाऊन केवळ शैलींची निर्विकार नक्कल उरली, असा आक्षेप फ्रेडरिक जेमसन यांनी १९८४ च्या निबंधात आणि पुढे १९९१ च्या ग्रंथात घेतला. लिंडा हचिअन यांनी १९८५ मध्ये विडंबनाची व्याख्या चिकित्सक अंतर राखून केलेली पुनरावृत्ती अशी केली होती. ‘फ्युचरामा’ या दोन मतांपैकी कोणत्या मताला साक्ष देते, याचा निवाडा तिच्या धर्मविषयक भागांतच होऊ शकतो. शैलीची नक्कल निर्विकार राहू शकते. श्रद्धेच्या नकलेला तशी सवलत मिळत नाही.

या उपहासामागे निर्बंधांचा एक इतिहास आहे. १९३० साली तयार झालेल्या आणि १९३४ पासून कठोरपणे अमलात आलेल्या हॉलिवूडच्या आचारसंहितेने धर्माची टिंगल आणि धर्मगुरूंचे हास्यास्पद चित्रण निषिद्ध ठरवले होते. रॉसेलिनी यांच्या ‘द मिरॅकल’ या चित्रपटावरून उद्भवलेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये, केवळ पाखंडाच्या कारणावरून चित्रपटावर बंदी घालता येणार नाही, असा निर्णय दिला. दूरचित्रवाणीने मात्र त्याच वर्षी स्वतःची आचारसंहिता लागू केली, आणि ती १९८३ पर्यंत टिकली. या वातावरणात धर्माविषयीचे प्रश्न विज्ञानकथेच्या आडोशाने विचारले गेले. १९६७ मधील ‘स्टार ट्रेक’च्या एका भागात ग्रीकांचा अपोलो हा परग्रहवासी असल्याचे दाखवले आहे. देव म्हणजे प्रगत परग्रहस्थ, हे धाडसी विधान तेथे केले जाते खरे. पण मानवाला एक परमेश्वर पुरेसा आहे, अशा अर्थाचे वाक्य नायकाच्या तोंडी घालून ते लगोलग सौम्यही केले जाते.

विज्ञानकथा आणि धर्म यांचे नाते केवळ आडोशापुरते नव्हते. जॉन कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या मासिकाने हे नाते दोन टोकांनी जोडले आहे. एप्रिल १९४१ च्या अंकात थिओडोर स्टर्जन यांची ‘मायक्रोकॉस्मिक गॉड’ ही कथा आली. आपण निर्मिलेल्या सूक्ष्म जीवांचा ईश्वर होऊन बसलेला वैज्ञानिक हा तिचा विषय. त्याच मासिकाच्या मे १९५० च्या अंकात, विज्ञानकथालेखक म्हणून परिचित असलेल्या एल. रॉन हबर्ड यांनी ‘डायनेटिक्स’ ही आपली मनोपचारपद्धती वाचकांपुढे मांडली, आणि काही वर्षांतच तिच्यातून ‘सायंटॉलॉजी’ हा संप्रदाय उभा राहिला. एकाच मासिकाने ईश्वराची कल्पितकथाही छापली आणि एका धर्माचे बीजही. ‘फ्युचरामा’चे दोन महत्त्वाचे धर्मविषयक भाग नेमके या दोन टोकांशी नाते सांगतात.

त्यांतील पहिला भाग १८ मे १९९९ चा. त्याचे शीर्षक सार्त्र यांच्या ‘नो एक्झिट’ या १९४४ च्या नाटकातील सुप्रसिद्ध वचनाचे विडंबन आहे. ‘इतर माणसे’ जाऊन तेथे ‘इतर रोबो’ आले आहेत. विजेच्या व्यसनात सापडलेला बेंडर हा रोबो ‘रोबोटॉलॉजी’ या धर्माची दीक्षा घेतो, सद्गुणांनी मित्रांना जेरीस आणतो, मग मोहात पडतो आणि करारभंगाची शिक्षा म्हणून यंत्र-नरकात जाऊन पडतो. येथील संदर्भांचे थर सुटे करून पाहण्याजोगे आहेत. धर्माच्या नावाचा रोख सायंटॉलॉजीकडे आहे. प्रवचनाचा ढंग कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या प्रोटेस्टंट चर्चमधला आहे. धर्मग्रंथ फ्लॉपीवर असून त्याला संगणकप्रणालीप्रमाणे आवृत्तीक्रमांक आहे. पापागणिक वेगळी शिक्षा देणारा नरक दान्तेच्या कुळातला आहे, आणि सुटकेसाठी सैतानाशी फिडलवादनाची स्पर्धा करण्याची अट १९७९ मधील एका लोकप्रिय गीतावरून आली आहे. ही अट सैतानाच्या लहरीवर अवलंबून नाही; २२७५ साली संमत झालेल्या कायद्यानेच ती त्याच्यावर बंधनकारक केली आहे.

जेमसन यांच्या आक्षेपाला येथे पहिले उत्तर मिळते. हे सारे संदर्भ एकाच विधानाकडे वळतात : मुक्ती हा करारनामा आहे, पाप हा करारभंग आहे, आणि सैतानही कायद्याचा चाकर आहे. धर्माला वैधानिक व्यवहाराचे रूप देणाऱ्या समाजाचे हे चिकित्सक चित्र असून त्याला निर्विकार नक्कल म्हणता येत नाही. उपहासाचा रोख श्रद्धेवर नाही, श्रद्धेच्या व्यवस्थापनावर आहे.

मात्र या उपहासाच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. रोबोंचे धर्म हे एक सोयीचे चिलखत आहे. मार्च २००२ च्या एका भागात यहुदी रोबो असे सांगतात की, रोबो-येशू घडवला गेला हे त्यांना मान्य आहे, त्याची प्रणालीही उत्तम होती, परंतु तो त्यांचा तारणहार नव्हे. यहुदी-ख्रिस्ती वादाचा दोन हजार वर्षांचा पेच एका वाक्यात हलका होतो, पण त्या वादाने घडवलेल्या रक्तपाताचा मागमूसही तेथे राहत नाही. चिनी, यहुदी आणि अरबी नावांची सांधेजोड करून नाव धारण केलेला ‘संयुक्त’ चर्चचा धर्मगुरू हाही असाच. सर्व धर्मांची बेरीज केली की कोणालाच काही ठामपणे सांगता येत नाही, हा विनोद मार्मिक आहे. तथापि कोणत्याही एका धर्माला जाब विचारण्याची जबाबदारी त्यामुळे टळते.

दुसरा भाग १७ मार्च २००२ चा, केन कीलर यांनी लिहिलेला ‘गॉडफेलाज’. स्कॉर्सेसी यांच्या १९९० मधील ‘गुडफेलाज’ या गुंडपटाशी शीर्षकातच जोडलेले नाते अर्थपूर्ण आहे. अवकाशात भरकटलेल्या बेंडरच्या देहावर सूक्ष्म जीवांची वस्ती फोफावते आणि तो त्यांचा देव होतो. प्रथम तो त्यांच्याकडून मद्य गाळून घेतो. मग दया येऊन त्यांना साहाय्य करू पाहतो, तर त्याच्या प्रत्येक कृपेने कोणीतरी चिरडले जाते. शेवटी तो हस्तक्षेप थांबवतो. तेव्हा त्याच्या पुढच्या बाजूचे श्रद्धाळू आणि मागच्या बाजूचे, प्रार्थना कधीच न पोचलेले अश्रद्ध यांच्यात अणुयुद्ध पेटते आणि सारी वस्ती नष्ट होते. स्टर्जन यांचा वैज्ञानिक आपल्या सृष्टीचा निर्दय पण यशस्वी स्वामी होता. बेंडर सहृदय झाल्यावरही अपयशीच ठरतो. साठ वर्षांत या कथाबीजाचा भर सामर्थ्यावरून जबाबदारीवर सरकला, ही वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना आहे.

त्यानंतर बेंडरची गाठ ताऱ्यांच्या एका विराट पुंजाशी पडते. तो पुंज शून्य आणि एक यांच्या भाषेत विचार करतो. आपण ईश्वर असू शकतो, असे तो म्हणतो; किंवा ईश्वराशी टक्कर झालेले एखादे संगणकीय अवकाशयान असू, अशी पुस्तीही जोडतो. ही दुसरी शक्यता ‘स्टार ट्रेक’च्या जाणकाराला ओळखीची वाटते, कारण १९७९ च्या चित्रपटातील अज्ञात महाशक्ती अखेरीस पृथ्वीवरून धाडलेले एक यानच निघते. म्हणजे या मालिकेत परमेश्वरही कदाचित एक सांस्कृतिक उल्लेख असू शकतो. आणि तरीही याच प्रसंगी मालिका आपले सर्वांत गंभीर विधान करते. काम नीट साधले, तर कोणी काही केले आहे अशी शंकाही लोकांना येऊ नये, असे तो पुंज बेंडरला सुचवतो. बेंडर त्याची तुलना विम्यासाठी आग लावणाऱ्याशी करतो, आणि शीर्षकातील गुंडगिरीचा उल्लेख धर्मचिंतनाशी एकरूप होतो.

या भागातील हिमालयातले साधू मात्र पाश्चात्त्य कल्पनेच्या बासनातून जसेच्या तसे उचललेले आहेत. हिल्टन यांच्या १९३३ मधील ‘लॉस्ट होरायझन’पासून क्लार्क यांच्या १९५३ मधील ‘द नाइन बिलियन नेम्स ऑफ गॉड’पर्यंत हा मठ इंग्रजी कथेत पुनःपुन्हा बांधला गेला आहे. इतर सर्व परंपरांची उलटतपासणी करणारी मालिका पौर्वात्य गूढतेच्या या साच्याला हात लावत नाही. परंतु कथेचा नैतिक कस लागतो तो याच साधूंच्या बाबतीत. फ्रायने त्यांना कोंडून ठेवलेले असते. त्यांचा देव त्यांना सोडवील, या युक्तिवादाला बेंडर नकार देतो आणि सर्वजण त्यांच्या सुटकेसाठी परत फिरतात. ईश्वराचे मौन हे माणसाच्या निष्क्रियतेचे समर्थन होऊ शकत नाही, हा निष्कर्ष नास्तिक आणि आस्तिक दोघांनाही सारखाच बंधनकारक आहे.

पाचच आठवड्यांनी, २१ एप्रिल २००२ रोजी, मालिकेने उपहासाचे टोक स्वतःच्या प्रेक्षकांकडे वळवले. या भागातील भविष्यात ‘स्टार ट्रेक’चे चाहते तेविसाव्या शतकापर्यंत धर्मसंप्रदायाच्या पदाला पोचतात. त्यांचे बळ वाढताच सत्ता त्यांना ज्वालामुखीत लोटते, मूळ मालिकेचे ७९ भाग निषिद्ध ग्रहावर हद्दपार केले जातात, आणि तिचे नाव उच्चारणेही गुन्हा ठरतो. संहिता, संप्रदाय, छळ, निषिद्ध ग्रंथ हा धर्मेतिहासाचा पूर्ण क्रम येथे एका दूरचित्रवाणी मालिकेला लावला आहे. त्या ग्रहावरील एक वायुरूप जीव याच चित्रफितींवर पोसलेला असतो, आणि मूळ नटांना बंदी करून आपण लिहिलेले नाट्य त्यांच्याकडून करवून घेतो. भाष्यकाराने मूळ संहितेवर हक्क सांगावा, तसा हा प्रकार आहे.

‘फ्युचरामा’च्या चाहत्यांना हे चित्र परके नव्हते. मालिकेच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या परग्रहलिपीची उकल त्यांनी अल्पावधीतच केली, तेव्हा निर्मात्यांनी अधिक अवघड दुसरी लिपी रचली. पाठचिकित्सा, गूढार्थशोध, जाणकार आणि अजाण यांतील भेद, ही संप्रदायाची सर्व लक्षणे तेथे होती. फ्रायच्या तोंडी मात्र याची दुसरी बाजूही येते : एकाकी बालपणी या मालिकेनेच त्याला मित्र असल्याचा भास दिला. धर्माने जे दिले आणि धर्माने जे हिरावले, ते दोन्ही येथे एकाच मापाने तोलले आहे. फॉक्सवरील मालिका ऑगस्ट २००३ मध्ये संपली. पुढे २००७ ते २००९ मधील चार चित्रफीतपट, २०१० ते २०१३ मधील कॉमेडी सेंट्रलवरील पर्व आणि २०२३ पासूनचे हुलूवरील पुनरागमन, हा तिचा पुनर्जन्मांचा क्रम अशा निष्ठेवाचून संभवला नसता.

ऑगस्ट २०१० च्या उत्क्रांतिविषयक भागात हे आत्मपरीक्षण विज्ञानापर्यंत पोचते. शाळांत ‘बुद्धिमान आराखडा’ शिकवण्यावरून पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथे उद्भवलेल्या खटल्याचा निकाल २००५ मध्ये लागला होता. मालिकेत उत्क्रांतिवादाचा कैवारी प्राध्यापक फार्न्सवर्थ एका ओसाड ग्रहावर सूक्ष्म यंत्रे सोडतो. त्यांच्यापासून उत्क्रांत झालेले रोबो आपला कर्ता हाच, हे त्याचे म्हणणे विज्ञानद्रोह ठरवून त्याच्यावर खटला भरतात. निर्मितीवाद येथे सिद्ध होत नाही, आणि उत्क्रांतिवाद बाधितही होत नाही. नष्ट होते ती, आपल्या बाजूला संदर्भाची गरज नाही, ही निश्चिती.

जेमसन यांचे भाकीत त्यामुळे अर्धेच खरे ठरते. संदर्भ जेथे केवळ ओळखीची खूण म्हणून येतो, तेथे ‘फ्युचरामा’ही निर्विकार नकलेच्या पातळीवर राहते, आणि असे प्रसंग तिच्यात थोडे नाहीत. पण जेथे ओळखीचा आनंद हाच श्रद्धेचा एक प्रकार आहे, हे ती ओळखते, तेथे तिचा उपहास विडंबनाच्या जुन्या कर्तव्याकडे परततो. १९३९ च्या प्रेक्षकाने भविष्य पाहिल्याचा बिल्ला छातीवर लावला होता. तो बिल्ला आपल्याही छातीवर आहे, याचे भान ही मालिका आपल्या प्रेक्षकाला देते. तो उतरवायचा की नाही, हे मात्र ती सांगत नाही.