रात्र रंगवायची ती दिवसा

कुत्र्यांच्या भुंकण्यानं तुला जाग येते. साल १६४६, गाव लॉरेन प्रांतातलं लुनेव्हिल. मालकांची शिकारी कुत्री सशांमागे लोकांच्या शेतांत घुसतात, पिकं तुडवतात. यंदा गावकऱ्यांनी थेट ड्यूककडे तक्रार केली आहे. मालक म्हणजे जॉर्ज द ला तूर. पाववाल्याचा मुलगा, आता फ्रान्सच्या राजाचा चित्रकार म्हणवतो. तू त्यांच्याकडे उमेदवारीला आहेस.

आतापर्यंत तू फक्त रंग घोटलेस. दगडावर सफेदा घ्यायचा, जवसाच्या तेलाचे थेंब सोडायचे आणि दगडी घोटा गोल फिरवत राहायचा. करकर थांबून रंग लोण्यासारखा झाला की उरलेला डुकराच्या मूत्राशयात भरून तोंड दोऱ्यानं आवळायचं. पत्र्याच्या ट्यूब यायला अजून जवळपास दोनशे वर्षं आहेत. आणि हो, सफेदा शिशाचा आहे, बोटं तोंडात घालू नकोस.

आज मात्र नक्कल करायला मिळते. समोर मालकांचं चित्र: बाणांनी घायाळ झालेला संत सेबॅस्टियन. त्याची शुश्रूषा करणारी आयरीन एका हातात कंदील धरून त्याच्या मांडीतला बाण काढते आहे. हा प्लेगपासून वाचवणारा संत. १६३६ मध्ये मालकांचा भाचा प्लेगनं गेला. तोही इथंच उमेदवारी करत होता. पुढं दोन वर्षांनी फ्रेंच सैन्यानं गाव जाळलं. अशा मुलखात या संताला गिऱ्हाईक कमी नसणार.

रात्रीचं चित्र रात्रीच रंगवावं, असं तुला वाटतं. सगळे झोपल्यावर मेणबत्ती लावून गुपचूप बसतोस. सकाळी बघतोस तर आयरीन काविळीनं आजारी! मेणबत्तीच्या उजेडात पांढरा आणि फिका पिवळा वेगळे दिसत नाहीत. तू पिवळा घालत गेलास आणि तो तुला दिसलाच नाही. रात्र रंगवायची ती दिवसा, खिडकीशी बसून.

दुसरी चूक जास्त महाग पडते. अंधार म्हणजे काळा, असं धरून तू हाडांच्या कोळशाचा जाड लेप देतोस. चित्राला भोक पडल्यासारखं दिसतं. मालक बोलत नाहीत, नुसता चाकू पुढं करतात. तू खरवडतोस. खालचं तपकिरी अस्तर उघडं पडतं, आणि गंमत म्हणजे तेच मघाच्या काळ्यापेक्षा खरी रात्र वाटतं. मग त्यावर तपकिरी मातीचा तेलकट, पातळ थर, वाळला की दुसरा. खालचं थोडं दिसत राहायला हवं. जाडी राखायची ती उजेडासाठी: कपाळ, दंड, मांडी. तिथंही हात आवर. सगळीकडे सफेदा उधळलास तर ज्योतीसाठी काय उरेल?

इटालियन चित्रकार कारावाज्जोची माणसं अंधारातून अंगावर येतात. इथं कुणी हलत नाही. कंदिलाच्या आड आलेला हात नुसता गडद आकार होऊन राहतो, त्याची कड मात्र विळ्यासारखी. ती कड ओढताना तुझा श्वास अडकतो. माझ्या मते ला तूरची नक्कल कारावाज्जोपेक्षा अवघड, कारण चूक झाकायला इथं कसली धामधूमच नाही.

सहा वर्षांनी, १६५२ च्या जानेवारीत, मालकीणबाई दियान जातात आणि पंधरवड्यात मालकही. हळूहळू नावही विसरलं जातं. १९१५ मध्ये हर्मान फॉस हा जर्मन अभ्यासक ते पुन्हा उजेडात आणतो. कंदिलवाल्या सेबॅस्टियनच्या आज दहाएक प्रती आहेत. एक ओर्लेआंला, एक रुआंला, एक पार अमेरिकेत फोर्ट वर्थला. त्यातली मालकांच्या हातची कोणती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.