न पेटलेला दिवा

तर झालं असं, की गेल्या जानेवारीत एका शनिवारी सकाळी मी आमची म्हातारी पिकअप घेऊन दूध आणायला निघालो. इथे मिशिगनमध्ये आदल्या आठवड्यात बर्फ पडून गेलेला, पण त्या दिवशी रस्ता चक्क कोरडा होता. कॉलनीच्या तोंडाशी स्टॉप साइन आहे. ब्रेक दाबला, गाडी शहाण्यासारखी हळू झाली, आणि शेवटच्या आठ-दहा फुटांत पेडल पायाखाली थरथरायला लागलं. घर्रर्र आवाज. थांबायचं सोडून गाडी पुढे सरकली ती रेघ ओलांडून अर्धी चौकात. त्या चौकातून मुलांची शाळेची बस जाते. शनिवार होता म्हणून बरं.

डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा बघितला. विझलेला. म्हणजे गाडीच्या मते सगळं आलबेल.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे "एरर नाही पण उत्तर चूक" हा प्रकार मला नवा नाही. पण तोच प्रकार दोन टनांच्या लोखंडात बसून अनुभवणं वेगळं! गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, "कोड नाही" म्हणाला आणि तपासणीचे पैसे घेतले. मग रविवारभर वाचत बसलो, आणि लक्षात आलं की या बिघाडाला चांगला मोठा इतिहास आहे.

एबीएसची कल्पना आली विमानांकडून. ओल्या धावपट्टीवर चाक लॉक झालं की टायर घासून फुटतो, म्हणून डनलॉपने १९५० च्या दशकात मॅक्सारेट नावाची यांत्रिक व्यवस्था काढली. तीच १९६६ मध्ये जेन्सन एफएफ या ब्रिटिश गाडीत बसवली. १९७१ मध्ये क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये चारही चाकांसाठी इलेक्ट्रॉनिक एबीएस मिळायला लागलं, पण ते फार टिकलं नाही. खरं बस्तान बसलं ते १९७८ मध्ये, बॉश आणि मर्सिडीजने एस-क्लासमध्ये दिलं तेव्हा. आधीच्या अ‍ॅनालॉग कंट्रोलरमध्ये सुमारे १,००० सुटे भाग होते, डिजिटलमध्ये ते १४० वर आले. (रिफॅक्टरिंग म्हणतात ते हेच!)

पिकअपची अडचण मात्र निराळी. मागचा हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर वजनच नसतं. जोरात ब्रेक मारला की आधी तीच लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणून फोर्डने १९८७ च्या एफ-सीरीजमध्ये आणि जनरल मोटर्सने १९८८ च्या पिकअपमध्ये फक्त मागच्या चाकांचं एबीएस दिलं. फोर्डमध्ये अख्ख्या मागच्या आसाला मिळून एकच सेन्सर, तोही डिफरन्शियलवर. १९९३ मध्ये अमेरिकन सरकारच्या रस्तासुरक्षा खात्याने हिशोब मांडला, तेव्हा गाडी उलटण्याचे, जीव न घेणारे अपघात कमी झालेले दिसले. प्राणघातक अपघातांत तसा फरक दिसला नाही.

त्या काळची निदानाची पद्धत मला भलतीच आवडली. स्कॅनर लागतच नाही. जनरल मोटर्सच्या गाडीत डॅशखालच्या सॉकेटमधले 'ए' आणि 'एच' हे दोन पिन वायरने जोडायचे आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. फोर्डमध्ये ठरावीक वायर क्षणभर अर्थ करायची. सोळा लुकलुक म्हणजे सगळं ठीक. अमेरिकेतल्या कितीतरी घरांसमोर लोक अंधारात बसून दिवे मोजत असतील त्या काळी! पण या सगळ्यामागे एक गृहीतक होतं, की बिघाड झाला तर तो कॉम्प्युटरला कळेल.

हे गृहीतक कुठे मोडलं ते बघा. १९९९ ते २००२ च्या शेव्हरले सिल्व्हराडो, जीएमसी सिएरा आणि त्यांच्या भाऊबंद गाड्यांना चारही चाकांचं एबीएस होतं. पुढच्या चाकाचा सेन्सर हबवर बसवलेला. आत एक लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं, समोरून दातेरी कडं फिरतं, प्रत्येक दाताला विजेची एक लाट. चाक जोरात फिरलं की लाट मोठी, हळू फिरलं की लहान. आता उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. (डेट्रॉइट शहराखालीच, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. मीठ शोधायला लांब जायला नको!) त्या मिठाने हबला गंज चढला, गंज फुगला, आणि त्याने सेन्सरला कड्यापासून किंचित वर उचललं. कागदाच्या जाडीची गोष्ट. पण फट वाढली की लाट दुबळी होते. वेगात असताना ते चालून जायचं. गाडी थांबता थांबता मात्र लाट इतकी क्षीण व्हायची, की कॉम्प्युटरला ते चाक एकदम शून्यावर आल्यासारखं वाटायचं. बाकीची तीन फिरताहेत, एक थांबलंय, म्हणजे लॉक झालं! सोडा ब्रेकचा दाब!

प्रोग्रॅम बिनचूक चालला होता. वायर तुटली असती तर दिवा पेटला असता. इथे वायर शाबूत, सिग्नलही येतोय, फक्त बोलणारा कुजबुजतोय. २००५ मध्ये कंपनीने मिठाच्या राज्यांतल्या सुमारे ८ लाख गाड्या परत बोलावल्या. उपाय काय, तर सेन्सर काढा, गंज साफ करा, गंजरोधक लावा, गरज पडली तर सेन्सर बदला. १९९९ च्या गाडीला हे २००५ मध्ये कळलं. मधले सहा हिवाळे लोक चौकांत सरकत होते. मला हे फार उशिराचं वाटतं.

माझी गाडी त्या कंपनीची नव्हे, पण सेन्सर त्याच जातीचा आणि मीठही तेच. म्हणून एक जुना उपाय केला. रिकामं पार्किंग गाठलं, एबीएसचा फ्यूज काढला आणि हळू जाऊन ब्रेक मारला. दिवा पेटला, आणि गाडी गपचूप थांबली. म्हणजे दोष ब्रेकचा नाही, एबीएसचाच. (फ्यूज काढून तसंच हिंडू नका, निसरड्यावर महागात पडेल.) मग फ्यूज परत लावला, चारही चाकांचे वेग दाखवणारा स्कॅनर उसना आणला आणि बायकोला शेजारी बसवून आकडे मोठ्याने वाचायला लावले.

"सहा, सहा, सहा, सहा... पाच, पाच, पाच... अरे, पुढचं डावं शून्य!"

"नक्की?"

"नक्की काय, दिसतंय ना मला! परत जा."

चार वेळा गेलो, चारही वेळा पुढचं डावं. सेन्सर काढताना त्याचे दोन तुकडे झाले, इतका तो गंजात रुतला होता. खाली खपल्याच खपल्या. तारेच्या ब्रशने घासलं, जस्ताचा रंग मारला, ग्रीस लावलं, नवा सेन्सर बसवला. परत पार्किंग, परत आकडे. या खेपेला चारही एकत्र शून्यावर आले.

उजवीकडचा अजून जुनाच आहे. तो पुढच्या शनिवारी, हवा जरा बरी असली तर.