दोन डोळ्यांचा कॅमेरा, एक फ्लॅश

माझ्याकडे एक 'स्टिरिओ रिअलिस्ट' आहे. मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीने 1947 मध्ये बाजारात आणलेला, दोन भिंगांचा, 35 मिमी फिल्मचा. सेटन रॉचवाइट नावाच्या इंजिनियरने हौस म्हणून घरी कॅमेरे बनवले, त्यातून हा निघाला. (आम्ही इंजिनियर हौस म्हणून ब्लॉग लिहितो. असो!)

तेव्हाची कोडाक्रोम जेमतेम 10 एएसएची. त्यात स्टिरिओ फोटोत जवळचं-लांबचं सगळंच स्पष्ट हवं, म्हणजे अ‍ॅपर्चर बारीक. मग घरात फोटो काढायचा तर फ्लॅशबल्ब आलाच. गंमत म्हणजे हा बल्ब पेटल्या पेटल्या पूर्ण तेजात येत नाही, साधारण 20 मिलिसेकंद घेतो. म्हणून शटर 1/25 वगैरे ठेवायचं, म्हणजे ते तोवर उघडं राहतं. आणि एका बल्बात एकच फोटो, की गेला कचऱ्यात.

पण खरी मेख पुढेच आहे. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा प्रकाश चौथाई उरतो. म्हणजे ज्या खोलीसाठी हा सगळा खटाटोप, तीच तो गिळतो!

आई-बाबा अमेरिकेत माझ्याकडे आले होते तेव्हा मी या कॅमेऱ्यावर इलेक्ट्रॉनिक फ्लॅश लावून फोटो काढला. आई पुढे सोफ्यावर, बाबा मागे स्वयंपाकघराच्या दारात. व्ह्यूअरला डोळे लावले की आई अगदी हात लावावा इतकी जवळ. बाबा मात्र काळोखात, चष्म्याच्या काचा तेवढ्या चकाकतात. बाबांचा त्या खेपेचा माझ्याकडे तेवढा एकच फोटो आहे.