प्रस्तावना : सापडण्याचे शास्त्र

सर्च इंजिनांवरच्या पुस्तकाची सुरुवात कॅलिफोर्नियात करायची, असा एक शिरस्ता पडला आहे. आपण ती ट्रॉम्बेला करू. १९५६ च्या ऑगस्टमध्ये इथे ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली आणि १९६७ मध्ये इथल्या अणुसंशोधन संस्थेला होमी भाभांचे नाव मिळाले, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. तिथल्या ग्रंथालयाची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९७० मध्ये व्हिएन्नातून ‘इनिस’ ही माहितीव्यवस्था सुरू केली. प्रत्येक सदस्य देशाने आपल्याकडे प्रसिद्ध झालेल्या अणुविषयक लेखनाच्या नोंदी करून पाठवायच्या, अशी तिची रीत. भारताच्या वाट्याचे हे काम भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आले. निबंध वाचायचा, त्याचा सारांश तपासायचा आणि ठरलेल्या संज्ञाकोशातलेच शब्द त्याला लावायचे. मनाला येईल तो शब्द चालत नसे, आणि निबंध लिहिणाऱ्याला तर या निवडीत काही स्थानच नव्हते.

वेबने नेमका हा नोंदी करणारा मधला माणूस काढून टाकला. आपले पान कशाबद्दल आहे हे पानाचा मालकच सांगू लागला, आणि ज्याला गिऱ्हाईक हवे आहे तो काय सांगेल हे वेगळे सांगायला नको. ‘कीवर्ड’ टॅगमध्ये शब्दांची खोगीरभरती झाली. शेवटी, क्रमवारीसाठी आपण तो टॅग पाहतच नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले. (एसईओच्या, म्हणजे शोधात आपले पान वर आणण्याच्या तंत्राच्या, काही शिकवण्यांत तो अजून पहिल्या धड्यात असतो, कोणती शिकवणी टाळावी हे ओळखायला तेवढी खूण पुरते.) एसईओचा जन्म या रिकाम्या खुर्चीतून झाला, असे माझे मत आहे. म्हणून या पुस्तकात त्याला जाहिरातशास्त्राच्या नव्हे, ग्रंथालयशास्त्राच्या शेजारी बसवले आहे.

शेजार जुनाच आहे. कोणत्या निबंधाचा उल्लेख किती जणांनी केला, हे मोजण्याची पद्धत यूजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात रुळवली. ट्रॉम्बेच्या ग्रंथालयातील मंडळींनीही वैज्ञानिकांच्या प्रकाशित लेखनाची अशी संख्यात्मक चित्रे काढली, त्यांत सी. व्ही. रामन आहेत. १९९८ मध्ये गूगलचे संस्थापक पेज आणि ब्रिन यांनी ‘पेजरँक’ मांडला तेव्हा उल्लेखाच्या जागी लिंक आली आणि वजनदार पानाच्या लिंकला अधिक वजन मिळाले. लगेच लिंकांचाही बाजार भरला. २०१२ मध्ये गूगलच्या ‘पेंग्विन’ बदलाने तो बराच मोडला.

ट्रॉम्बेपासून फार लांब नसलेल्या पवईत, आयआयटीमध्ये, या विषयाचे गंभीर काम झाले आहे. सौमेन चक्रबर्ती यांनी १९९९ मध्ये दोन सहकाऱ्यांसह, सगळे वेब न धुंडाळता एकाच विषयाची पाने हुडकणाऱ्या क्रॉलरची मांडणी केली. २००२ मधले त्यांचे ‘मायनिंग द वेब’ हे पुस्तक आजही वाचावे असे आहे.

मराठीचा प्रश्न मात्र वेगळा, आणि माझ्या लेखी सर्वांत रंजक. ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या एखाद्या विक्रेतीने आपल्या पानावर ‘माशांचे कालवण’ लिहिले आणि ग्राहकाने ‘मासा’ शोधला, तर यंत्राने नुसता प्रत्यय तोडून भागत नाही. ‘स’चा ‘श’ झाला हेही त्याला कळावे लागते. कात्री जरा जास्त चालली की मासे आणि माश्या एका टोपलीत पडतात! शिवाय ट्रॉम्बेला ‘तुर्भे’ म्हणणारा माणूस खाडीपलीकडच्या नवी मुंबईतल्या तुर्भ्यात जाऊन पोहोचतो. अशा अडचणींची पद्धतशीर तपासणी व्हावी म्हणून २००८ पासून ‘फायर’ हा उपक्रम चालतो. पहिल्याच वर्षी त्यात हिंदी आणि बंगालीबरोबर मराठी होती. या विक्रेतीला माझा सल्ला एवढाच, की गावाची दोन्ही नावे, पिनकोड आणि विकायचे जिन्नस साध्या वाक्यांत लिहावेत, आणि चित्रात कोरलेल्या अक्षरांवर विसंबू नये.

पानांच्या यादीऐवजी तयार उत्तर देणारी यंत्रे आता आली आहेत. त्यांच्यावर शेवटचे प्रकरण आहे. ते सर्वांत लवकर शिळे होईल. पहिली तीन प्रकरणे गणिताशिवाय वाचता येतील. चौथ्यापासून कागद-पेन्सिल जवळ ठेवा, आणि उदाहरणे स्वतःच्या गावाच्या नावाने करून पाहा.